पथ्याच्या कागदात नसलेलं

“ताट वेगळं ठेवायचं का, ताई?”

समुपदेशकाच्या खुर्चीत बसल्यावर माझ्यासमोर आलेला हा पहिला प्रश्न. जून महिना होता, नोकरीचा चौथा दिवस. विचारणारा पाथर्डी तालुक्यातला, चाळिशीच्या आतबाहेरचा. त्याच्या बायकोला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. 25 वेळा मशीनची लाईट (बाहेरून दिलेलं रेडिएशन), दर आठवड्याला एक अशा 5 केमो आणि शेवटी नळीनं आतून दिलेला शेक (तेही रेडिएशनच), हे सगळं नुकतंच पार पडलं होतं. ती बाहेर बाकावर नणंदेच्या खांद्याला डोकं टेकून बसली होती.

मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, “नाही. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवलात तरी चालेल.”

त्यानं मान हलवली, पण तो उठला नाही. “आन् कपडे?”

“एकत्रच धुवा.”

“लेकरं तिच्याजवळ झोपत्यात, ते?”

“झोपू द्या. मशीनची लाईट अंगात साठत नाही. आतला शेकसुद्धा नळी काढली की संपला.”

त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. मी थांबायला हवं होतं. पण रांग मोठी होती आणि माझ्या हातात पथ्याचा छापील कागद तयार होता. तो मी त्याला दिला, उकळलेलं पाणी, तिखट, ताप अशी एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. तो कागदाची घडी करून निघून गेला.

पलीकडच्या टेबलावर बँडेजचे गठ्ठे मोजत बसलेल्या सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, “तो ताटाचं विचारत नव्हता.”

मला काहीच कळलं नाही. सिस्टरांनी गठ्ठा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ताट, कपडे, लेकरं. याच्या पुढचा प्रश्न कोणता असेल?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. पथ्याचा तो कागद मी पर्समध्ये घालून घरी आणला होता. त्यात 14 मुद्दे होते. काय खायचं, काय टाळायचं, गर्दीत जायचं की नाही, केसांना कोणतं तेल लावायचं. माणसानं रात्री कुठं झोपायचं, कुणाजवळ झोपायचं, जवळ घेतलं तर चालतं का, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी नेवासे तालुक्यातली, समाजकार्याची पदवी घेऊन थेट नगरला आलेली. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीत अजून सगळे नगरच म्हणतात आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय.) मी जिथं काम करते त्या रुग्णालयाचं नाव इथं लिहीत नाही. बायकांनी आणि पुरुषांनी माझ्याजवळ जे बोलून दाखवलं ते विश्वासानं बोललेलं आहे. त्यांचा माग कुणाला लागू नये म्हणून काही तपशील मी मुद्दाम बदललेत. माझं लग्न झालेलं नाही. हे सांगायचं कारण, दुसऱ्याच आठवड्यात एका बाईनं मला सरळ विचारलं, “तुझं लगीन झालंय का, पोरी?” मी नाही म्हटलं. “मग तुला काय सांगू आन् काय इचारू,” असं म्हणून तिनं पदर सावरला आणि ती उठली. तिचंही बरोबरच वाटलं मला. जे मला ठाऊक नाही त्याबद्दल चाळीस-पन्नाशीच्या माणसांशी मी कोणत्या तोंडानं बोलणार होते?

पहिली अडचण शब्दांचीच होती. आमच्या कागदांवर, फॉर्मवर एक शब्द असतो, ‘लैंगिक’. पुण्या-मुंबईच्या व्याख्यानात तो चालत असेल. आमच्याकडच्या बाईनं हा शब्द ऐकलेला असतो तो पेपरात आणि टीव्हीवर, ‘अत्याचार’ या शब्दाच्या जोडीनं. त्या शब्दानं तिच्या डोळ्यांपुढे पोलीस ठाणं येतं. हे मला एका चुकीनंतर समजलं. स्तनाच्या ऑपरेशननंतर टाके काढायला आलेल्या एका तरुण बाईला मी फॉर्मवरचा प्रश्न तसाच वाचून विचारला, “आपल्या लैंगिक जीवनाबद्दल काही अडचण?” तिच्या शेजारी तिची सासू बसली होती. सून खाली बघू लागली. सासू माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या दोन तपासण्यांना ती बाई माझ्या टेबलाकडे फिरकली नाही, डॉक्टरांकडून परस्पर निघून गेली. त्यानंतर मी तो फॉर्म कुणासमोर वाचला नाही. पण फॉर्म बाजूला ठेवून बोलायचं काय, तेही मला येत नव्हतं.

एका शनिवारी मी वाचनालयात गेले. मराठीत हे बोलणं नवं नाही, हे मला तिथं कळलं आणि थोडा धीर आला. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. 1927 पासून 1953 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यापायी खटले सोसले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ घराघरांत, बहुतेक कपाटाच्या आतल्या कप्प्यात, पोचलं. म्हणजे लिहिण्याचे शब्द होते. माझ्यापुढे होती ती कधी पुस्तक हातात न घेतलेली, सासूच्या शेजारी बसलेली बाई. तिच्याशी बोलायचे शब्द मला त्या कपाटांत सापडले नाहीत.

महिन्याभरानं दोन दिवसांचं एक प्रशिक्षण झालं. तिथं जॅक ॲनन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या शिकवल्या. पहिली पायरी परवानगीची, दुसरी मोजक्या माहितीची, तिसरी त्या जोडप्यापुरत्या नेमक्या सूचनांची, चौथी तज्ज्ञाकडच्या दीर्घ उपचाराची. बहुतेकांना पहिल्या दोन पायऱ्यांवरच हवं ते मिळून जातं, असं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. परवानगी म्हणजे काय, तर इथं हे बोललं तर चालतं एवढं आपण आधी सांगायचं. मला एकदम टोपी काढून गुडघ्यावर ठेवणारा तो माणूस आठवला. तो तीन प्रश्न विचारून परवानगीच मागत होता, आणि मी त्याला तिखट कमी खा म्हणून सांगितलं होतं.

ती परवानगी कोणत्या शब्दांत द्यायची, हे मात्र मला शिकवलं एका आजींनी. त्या जामखेडकडच्या एका खेड्यातून लेकीला घेऊन केमोसाठी यायच्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला जो ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, त्यात आजी तरुणपणी गावच्या आरोग्यसेविका होत्या. गावोगावच्या बायका, पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा दलित, दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावी जाऊन बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतचं काम करायच्या. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्यामागे या बायकांचे पाय होते. आजींना मी माझी अडचण सांगितली. लाजत सांगितली. त्या काही लाजल्या नाहीत.

“पाळी, पाळणा, सगळं इचारलंय म्या,” त्या म्हणाल्या. “येकदम तुझं काय म्हनून इचारायचं न्हाई. आधी सांगायचं की लई बायांचं असं असं होतं. मंग गप बसायचं. आन् तू ते कागदातलं बोलू नको. आंथरुणाचं इचार.”

अंथरूण. इतका साधा शब्द. त्यात झोपणंही आलं, आजारपणही आलं, नवरा-बायकोही आले. सासूसमोर निघाला तरी कुणाच्या कानाला लागत नाही.

जुलैत पाथर्डीचं ते जोडपं पहिल्या तपासणीला आलं. सिस्टरांनी तिला नणंदेसोबत तपासणीचं रक्त द्यायला पाठवलं आणि त्याला माझ्यासमोर आणून बसवलं. मी मनात घोकलेलं वाक्य म्हटलं. “शेक झाल्यावर पुष्कळ घरांत नवरा-बायकोचं अंथरूण वेगळं होतं. कुणाला भीती वाटते, कुणाला कळत नाही काय करावं. तुमच्याकडे कसं चाललंय?”

आणि मी गप्प बसले. आजींनी सांगितलं होतं म्हणून बसले. नाहीतर त्या शांततेत मी पुन्हा उकळलेल्या पाण्यावर आले असते.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “म्या वसरीवर झोपतो. हात लावायची भ्या वाटती ताई. आतून जळलंय म्हनत्यात तिला. माझ्यानं आनखी काय झालं मंजी?” मग थोडं थांबून, “आमी येक कोयता हाय वो.”

हे वाक्य नगर-बीडच्या बाहेरच्या माणसाला उलगडून सांगायला हवं. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देतो ती कोयत्याला देतो, माणसाला नाही. तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. पहाटे बरोबर उठायचं, फडात बरोबर उभं राहायचं, रात्री पाचटाच्या कोपीत लेकरांना मध्ये घेऊन बरोबर आडवं व्हायचं. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. ही दोघं 16 हंगाम एक कोयता होती. शेवटच्या हंगामात तिच्या अंगावरून रक्त जात होतं. उचल फिटायची होती म्हणून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तिनं कुणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. रोज तिच्या शेजारी उभं राहून आपल्याला हे दिसलं नाही, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. हात लावायची भीती होतीच, पण हात लावायचा आपला हक्क गेला असंही त्याला वाटत होतं. हे त्यानं असं बोलून दाखवलं नाही. त्यानं एवढंच म्हटलं, “मला दिसाया पायजेल व्हतं.”

ती रक्त देऊन आली तेव्हा मी तिच्याशी वेगळी बोलले. तेच वाक्य, तीच शांतता. ती म्हणाली, “त्यास्नी मी आता नको झाले. पाळी गेली, पिशवी जळाली, आता कशाला येतील जवळ. म्हातारीवानी झालंय माझं.” वय 38. ओटीपोटाला लाईट दिली की बीजकोश बंद पडतात, पाळी जाते, अंगातून वाफा निघाव्यात तसं होतं, आणि हे कुणी नीट समजावून सांगितलं नसलं तर बाई त्याचा अर्थ आपल्या मनानं लावते. तो वसरीवर तिला जपत होता आणि आत ती टाकल्यासारखी पडून होती, दोघांत एक दार. मी दोघांनाही विचारलं, हे एकमेकांसमोर बोलू का? दोघंही हो म्हणाले. बोलायची वेळ मात्र माझ्यावर आलीच नाही. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “तुला दुखंल म्हनून वसरीवर झोपतो.” ती त्याच्याकडे बघतच राहिली.

पुढचं काम आमच्या डॉक्टर मॅडमचं होतं आणि ते त्यांनी मन लावून केलं. दोघांना समोर बसवून पाटीवर आकृती काढली. शेकानं योनिमार्गाचा ओलावा जातो, भिंती एकमेकींना चिकटून मार्ग आखडू शकतो. पुढं तपासणी करायची असली तरी तो मोकळा राहायला हवा. त्यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या गुळगुळीत कांड्या मिळतात. डॉक्टर तपासून सांगतील तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा, पाण्यात विरघळणारी जेली लावून, काही मिनिटं; लहान कांडीपासून सुरुवात, जबरदस्ती नाही. थोडं रक्त दिसलं तर घाबरायचं नाही, जास्त गेलं तर यायचं. आणि जवळ येण्यात धोका नाही, तपासणीत भरून आलेलं दिसलं की येता येतं, ती तयार असेल तेव्हा. हेही मॅडमनी सांगितलं की निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, तेलानं रबर फाटतं. केमो चालू असलेल्या जोडप्यांना त्या आणखी एक सांगायच्या: औषधाचा अंश काही दिवस अंगातल्या स्रावांत असतो, म्हणून डोस झाल्यावर दोन-तीन दिवस निरोध लावायचाच, आणि उपचार चालू असताना व संपल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्यायची.

सगळं ऐकून तिनं विचारलं, “हे मी ठिवू कुठं?”

याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. इंग्रजीतल्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं, निवांत जागा निवडा, दार लावून घ्या. तिचं घर एका खणाचं आणि वसरी. तीन लेकरं, सासू, आली-गेली माणसं. न्हाणीला गोणपाटाचा पडदा. मी त्या प्रश्नापुढं पार अडले आणि पहिल्यांदा कळलं की मी जे शिकून आले ते सगळं कडी असलेल्या घरांसाठी होतं. मार्ग तिनंच काढला. लुगड्यांच्या गाठोड्यात तळाशी ठेवते म्हणाली, आणि लेकरं शाळेत व सासू शेळ्या घेऊन गेली की अकराच्या सुमाराला. “वसरीवर ह्ये बसतील राखण.” तो मान खाली घालून हो म्हणाला.

मॅडमनी त्यांना आणखी एक सांगितलं. महिनाभर ‘ते’ करायचंच नाही, असं दोघांनी आधी ठरवून टाकायचं. फक्त हात लावायचा. पाय चेपा, पाठीला तेल लावा, केस विंचरा. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी 1970 च्या सुमाराला ही पद्धत जगापुढं आणली. पुढं काही व्हायलाच हवं ही धास्ती निघून गेली की शरीर सैल होतं, असं तिचं मर्म. आमच्याकडं तिला एक वेगळाच अडसर होता. बायकोनं नवऱ्याचे पाय चेपायचे हे सगळ्यांना माहीत. बाप्या माणसानं बाईचे पाय चेपायचे? त्यानं दिवा मालवून चेपले. हे तिनं मला ऑक्टोबरात सांगितलं. “पयल्या दिशी मला रडूच आलं,” म्हणाली. “सोळा वर्सांत कुनी माझ्या पायाला हात लावला नव्हता.”

या जोडप्याबद्दल मी इतकं लिहितेय कारण मी त्यांच्याकडून शिकले. बाकीचे अनुभव तुकड्यातुकड्यांनी आले. नगरच्याच सावेडीतली एक शिक्षिका स्तनाच्या ऑपरेशननंतर पाच महिने नवऱ्यासमोर ब्लाउज बदलत नव्हती. तिच्या मनात होतं की त्यांनी ते पाहू नये. तिच्याशी बोलताबोलता तिलाच आठवलं की रुग्णालयात असताना जखमेतल्या नळीची पिशवी दिवसातून दोनदा तेच रिकामी करायचे. त्यांनी सगळं पाहिलेलं होतं, टाके ओले असल्यापासून. एका म्हातारीनं कापडी पिशवीत राळे भरून, दुसऱ्या बाजूच्या वजनाला जोखून, पोलक्यात शिवून घेतली होती आणि मला अभिमानानं दाखवली. तंबाखूच्या माव्यापायी जबड्याचा भाग गमावलेल्या एका माणसाची बायको रडत म्हणाली, त्यांच्या तोंडाचा वास येतो, मला मळमळतं आणि मळमळतं याची लाज वाटते. लाज बाळगण्यासारखं त्यात काही नाही हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. मिठाच्या आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, आणि झोपताना त्यांच्या धडक्या गालाच्या बाजूला तिनं झोपायचं, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडला.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये एक वेगळंच विष घरात शिरतं, संशयाचं. हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो संबंधांतून येतो, हे कुठूनतरी कानावर पडतं. मग ती म्हणते, तुम्ही आणलात. तो म्हणतो, तू. खरी गोष्ट अशी की हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो, बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो, थोड्यांच्यात ठाण मांडतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा जास्तही लागतात. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. हे मी आता कुणी न विचारता सांगते. आणि सांगताना शेजारच्या धाराशिवच्या बायकांची गोष्ट सांगते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांना घेऊन एक अभ्यास केला. 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची चाचणी झाली तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. जगाला हा पुरावा जामखेडच्या शिवेपलीकडच्या बायकांनी दिला. हे ऐकलं की बायका सरळ बसतात, आणि सोबतच्या नणंद-जावा विचारतात, ती तपासणी कुठं होते?

“बाई आजारी पडली की नवरा दुसरी आणतो,” हे वाक्य मी प्रतीक्षाकक्षात इतक्यांदा ऐकलं की मी त्याचा शोध घेतला. 2009 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात गंभीर आजाराच्या 515 रुग्णांत, बायको रुग्ण असेल तर 20.8 टक्के जोडपी विभक्त झाली आणि नवरा रुग्ण असेल तर 2.9 टक्के. मी तो आकडा वाचून हादरले. पण डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात कॅन्सरमुळे घटस्फोट वाढल्याचं दिसलं नाही. अपवाद फक्त गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा. नेमका तोच. आमच्याकडं घटस्फोट कागदावर येतच नाही. बाई माहेरी ‘विश्रांतीला’ जाते आणि तिला न्यायला कुणी येत नाही. म्हणून त्या आजाराच्या जोडप्यांशी मी आता पहिल्याच भेटीत बोलते.

इथवर मला वाटत होतं की माझं काम दुरावलेल्यांना जवळ आणण्याचं. मग एक बाई आली. तिच्याबद्दल मी तालुकासुद्धा लिहिणार नाही. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, अंथरूण वेगळं होतं, तुमच्याकडे कसं? ती पहिल्यांदाच हसली. “वेगळं झालंय ताई. लई बरं झालंय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “डॉक्टरास्नी सांगा, कायमचं बंद म्हनून लिहून द्या.” तिचा नवरा बाहेर उभा होता. वीस वर्षं त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं, आणि नाही म्हटलं तर मारलं होतं. कॅन्सरनं तिला पहिल्यांदा स्वतःचं अंथरूण दिलं होतं.

मी काय करायचं होतं? कोणत्याच पायरीत हे नव्हतं. मॅडमशी बोलले. त्यांनी तपासलं, जखम खरंच भरायची होती, त्यांनी तीन महिने पूर्ण विश्रांती असं लिहून दिलं. खोटं लिहिता येत नाही, खरं होतं तेवढं लिहिलं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात नवऱ्याची ही जबरदस्तीही मोडते, 181 वर फोन करता येतो, हे मी तिला सांगितलं. तिनं नंबर लिहून घेतला नाही, पाठ केला. बाईच्या नकाराला डॉक्टरच्या सहीची गरज पडू नये, असं मला मनापासून वाटतं. पण त्या घरात सहीच चालणार होती. तीन महिन्यांनी ती तपासणीला आली नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्यानंच उचलला, आणि मी तारीख सांगून ठेवून दिला. ती कुठं झोपत असेल, हे मला अजून रात्री आठवतं. तेव्हापासून मी वाक्य बदललंय. आता मी म्हणते, “कुणाला जवळ यावंसं वाटतं, कुणाला नकोसं वाटतं. दोन्ही बोललं तर चालतं.”

दसऱ्यानंतर पाथर्डीचा तो माणूस भावाबरोबर पश्चिमेकडे तोडीला गेला, अर्धा कोयता म्हणून. उचल फेडायची होती, उपचार सरकारी योजनेतून झाले तरी एसटीचं भाडं, खाणं, औषधं यांत बरंच गेलं होतं. ती घरी राहिली. शेळ्या, लेकरं, सासू. निघायच्या आधी तिनं मोहटादेवीला जाऊन येण्याचा हट्ट केला आणि तो तिला घेऊन गेला, एवढं ऑक्टोबरात कळलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती एकटी आली. तारकपूरच्या स्टँडला उतरून चालत. तपासणी चांगली निघाली. ती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मागं सहा-सात बायकांची रांग होती. मी तिला आत, पडद्याकडं चला म्हणून खुणावलं. ती जागची हलली नाही.

“ताई, ती जेली संपली,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. “दोन ट्यूबा लिहून द्या. संक्रांतीला ह्ये यायचेत.”

मी चिठ्ठी लिहिली. ती घडी करून तिनं कमरेच्या पिशवीत ठेवली आणि गेली. रांगेतल्या दोघीतिघी तिच्याकडं वळून बघत होत्या. त्यातली एक, डोक्याला स्कार्फ बांधलेली, सोबत आलेल्या सासूला म्हणाली, “आत्या, तुमी जरा माझा फाईलीचा कागद शिक्का मारून आनता का?” सासू गेली. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“कसली वो जेली?” तिनं विचारलं.